हिवाळ्याचा पत्ता

फॉर्मवर एक रकाना असतो: कायमचा पत्ता.
मी तालुका लिहितो, बापाचं नाव लिहितो,
पुढे लिहितो: उन्हाळ्यात नदीकडे,
थंडीत काळ्या खडकाच्या आडोशाला.
कारकून बत्सुख उलानबातरचा, सातव्या मजल्यावरचा.
म्हणतो, हा काय पत्ता झाला?

इथे मात्र माझा पत्ता पक्का आहे.
दक्षिण सुदान, कंटेनर एकशे चौदा,
चार खाटा, नुसताच घरघरणारा एसी,
भोवती मातीचा बांध,
बांधापलीकडे पाणी, पाण्यापलीकडे पाणी.
आम्ही पाण्याच्या पातळीखाली झोपतो.
पंप रात्रभर चालतात,
आणि एखादा बंद पडला की सगळी छावणी जागी होते,
आवाज थांबल्याच्या आवाजाने.

आठ महिने झाले, हे बिऱ्हाड वीतभर हललेलं नाही.
इतके दिवस एका जागी
मी जन्मात राहिलो नव्हतो.

रविवारी, माझ्या सकाळी दहाला, तिकडे उन्हं कलतात.
नरमंदाख लेकीला मोटारसायकलवर पुढे बसवून
टेकडीच्या माथ्यावर येते, दगडांच्या राशीपाशी,
निळी फडकी बांधलेली असतात तिथे.
रेंज तेवढ्याच जागी येते.
आधी वारा बोलतो, मग ती.
मेंढ्या दोनशे सहा. शेळ्या नव्वद.
घोडे अकरा.

मागच्या रविवारी बारा होते.

कोणता, ते मी विचारत नाही. तीही सांगत नाही.
घोड्यांना आम्ही नावं ठेवत नाही,
रंगावरून ओळखतो.
रात्री खाटेवर पडून एकेक रंग डोळ्यांपुढे आणतो:
कुमैत, अबलख, पिवळसर आयाळीचा तो हट्टी,
आणि प्रत्येकापाशी थोडा थांबतो,
हा नसेल, हा नसावा.

मग सोलोंगो फोन हिसकावते.
आता कुठे मुक्काम, बाबा?
तिथेच गं.
अजून तिथेच?
थोडा वेळ नुसता वारा.
मग तिथलं गवत संपलं नाही?

परवा गस्तीवर बांधाच्या टोकाला
एक म्हातारी बसली होती, अंगाला राख,
ओठ हलवत गुरं मोजणारी.
हे ओठ मला माहीत होते. माझी आई असेच हलवते.
भाषा नव्हती, म्हणून मी बोटं दाखवली: दहा, आणि एक.
हातांनी लगाम ओढून दाखवला, तशी ती खळखळून हसली.
मग तिने पाच बोटं वर केली,
एक मिटलं,
दुसरं मिटलं,
पाण्याकडे पाहिलं.
मीही माझं एक मिटलं.
मागून सार्जंट ओरडला, रांग सोडू नका.

बत्सुख आपल्या आईला रोज व्हिडिओवर बघतो,
तिच्या मागची खिडकी, खिडकीतली क्रेन.
परवा म्हणाला, तुझं बरंय, तुला घराची आठवण
एका जागी अडकवून ठेवावी लागत नाही.
मी काही बोललो नाही. बूट पुसत राहिलो.
इथला चिखल वाळला की दगड होतो.

नरमंदाख म्हणाली, महिनाभरात उठू,
यंदा बर्फ लवकर घट्ट होतंय, खुरांना फुटत नाही.
कुठे जाणार, अजून ठरलं नाही, बाबा बघून येतील.
तुझं खोगीर पश्चिमेच्या बाजूला आहे.
तंबू सोडताना शेवटी ते उचलते,
नव्या जागी पोचलं की आधी ते ठेवते.
बाकीचं सामान मग.

एवढं बोलून ती निरोप घेत नाही.
फोन तसाच चालू अंगरख्याच्या खोळीत टाकते
आणि गाडीला किक मारते.
मी कंटेनरच्या पायरीवर बसून ऐकतो,
इंजिन, कापडाची घासघीस,
सोलोंगो वाऱ्यात काहीतरी ओरडतेय, मला नाही, आईला.
पहिलं वळण.
गाडी घसरते, सावरते.
दुसरं.
रेंज तिसऱ्या वळणावर जाते, मला माहीत आहे.
आज त्या थोड्या हळू उतरताहेत.